पाहुण्याने काय पाहावे?

दिवाळी हा जसा दिव्यांचा सण, तसा पाहुण्यांचाही. पाहुणा यायचा म्हटले की घर जरा सावरून बसते. विटलेली चादर खाली जाते आणि धड चादर वर येते. वाण्याच्या उधारीची वही फडताळात जाते. भिंतीचा पोपडा उडालेला असेल नेमके तेथेच नव्या वर्षाचे कॅलेंडर लटकते. याला कोणी खोटेपणा म्हणत नाही. आपण याला रीत म्हणतो. परंतु ही रीत कोठवर रीत असते आणि कोठून पुढे ती लबाडी होते? आणि त्याहून अवघड प्रश्न असा की, झाकलेले जर पाहुण्याला दिसलेच, तर त्याने काय करावे? दिसले नाही असे दाखवावे, की विचारावे?

विद्वान सांगतात की ‘पाहुणा’ हा शब्द संस्कृत ‘प्राघूर्णक’ या शब्दावरून प्राकृताच्या वाटेने आपल्याकडे आला. ‘पाहणे’ या क्रियापदाशी त्याचे काही रक्ताचे नाते नाही. असेल तसे. पण मराठी कानाला ते दोघे सख्खे भाऊच वाटतात, आणि मला तर गेल्या चाळीसहून अधिक वर्षांत त्या दोघांना एकमेकांपासून वेगळे काढता आलेले नाही. त्याचे कारण सांगायचे तर आधी मुंबईला जायला हवे.

आमचे गाव शहापूर, भंडारा जिल्ह्यातले. नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या मोठ्या सडकेवर, भंडाऱ्याच्या थोडे अलीकडे ते लागते. मुलूख धानाचा. माझा एक चुलतभाऊ होता. मी त्याला दादा म्हणे. त्याची आई तो दोन वर्षांचा असतानाच गेली, आणि माझ्या आईने त्याला आपल्याच पदराखाली वाढविले. वाटणीत आलेल्या दीड एकरात पोट भरेना म्हणून तो आधी नागपूरला गेला, तेथल्या एका गिरणीत माग चालवायला शिकला, आणि पुढे मुंबई गाठून तेथल्या गिरणीत लागला. त्याच्या लग्नात आईने त्याला पितळेची भांडी दिली होती. भंडारा हे पितळेच्या भांड्यांचे गाव. आमच्याकडे लेकीच्या किंवा लेकाच्या संसारात पितळ देणे याला सोने देण्याइतका मान. दोन गुंड, एक मोठा गंज, परात, तांब्ये. आईने ती एकेक वाजवून, आवाज ऐकून घेतली होती.

१९८२ च्या दिवाळीच्या आधी दादाचे पत्र आले. त्या वर्षीच्या १८ जानेवारीपासून डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी-कामगारांचा संप चालू होता. हे मला ठाऊक होते. मी तेव्हा शाळेत इतिहास-भूगोल शिकवीत असे आणि वर्तमानपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचीत असे. दादाने लिहिले होते : “संप मिटण्यात आहे. तोवर मला रजाच रजा. अशी सवड पुन्हा मिळायची नाही. काकीला घेऊन ये. तिला समुद्र दाखवू.” ‘रजाच रजा’ या शब्दांवर मी मनमुराद हसलो आणि नागपूरहून रात्रीच्या गाडीची तिकिटे काढली.

मुंबई पाहायची म्हणून मी एक वही तयार केली होती. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम या सात बेटांचे हे शहर. १६६१ च्या करारानुसार पोर्तुगालने ते आपल्या राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला आंदण दिले, आणि त्याने ते १६६८ साली वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपविले. पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. असे सारे मी टिपून घेतले होते. आईने काही टिपले नव्हते. तिने वीस शेर चिनोर तांदूळ शिवून घेतला होता, आणि लुगड्याच्या ओच्यात तीनशे रुपये बांधले होते. मुंबईचे एक चांगले पातळ घ्यावे, अशी तिची बरेच दिवसांची इच्छा होती.

दादाची खोली डिलाईल रोडच्या बी.डी.डी. चाळीत होती. १९२० नंतरच्या दशकात सरकारने बांधलेल्या या चाळी; एकेका मजल्यावर वीस खोल्या, आणि एकेक खोली १६० चौरस फुटांची. तीत दादा, वहिनी, तेरा वर्षांचा मुलगा, धाकटी मुलगी, आणि आता आम्ही दोघे. शेजारच्या बाई विचारीत, “कोणतं शहापूर? आसनगावजवळचं का?” भंडाऱ्याच्या शहापुराला मुंबईत कोणी ओळखीत नव्हते, ठाणे जिल्ह्यातले शहापूर मात्र सर्वांना माहीत होते. मी लगेच त्यांना सांगितले की तुमच्या नळाला पाणी येते त्यातले बरेचसे त्याच शहापूर तालुक्यातून, १८९२ साली बांधलेल्या तानसा तलावासारख्या तलावांतून येते. बाई म्हणाल्या, “तुम्हाला फार माहिती हो!” मला बरे वाटले.

चार दिवस दादाने आम्हाला मुंबई दाखविली. चौपाटी, राणीचा बाग, मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट, महालक्ष्मी, हुतात्मा चौक. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या बाकावर त्याने आईला बसविले. मत्स्यालयापाशी आलो तेव्हा त्याने आमची तिकिटे काढली आणि स्वतः बाहेर थांबला. “मी शंभरदा पाहिलंय, तुम्ही पाहून या.” खाण्याच्या वेळी तो फक्त चहा घेई. पहिल्या दिवशी म्हणाला, आज उपास. दुसऱ्या दिवशीही उपास, तिसऱ्याही दिवशी. मी त्याची थट्टा केली, “मुंबईत येऊन फारच देवभोळा झालास की!” तो हसला. मी खिशात हात घातला की तो माझे मनगट धरी आणि म्हणे, “पाहुण्यानं खिशात हात घालायचा नसतो. शहापूरला आलो की मी घालणार नाही.”

तिसऱ्या दिवशी आम्ही गेटवेहून लाँचमध्ये बसून घारापुरीला गेलो. गेटवेच्या कमानीखाली मी सर्वांना तिची कथा सांगितली. १९११ च्या डिसेंबरात राजे पंचम जॉर्ज मुंबईच्या धक्क्यावर उतरले तेव्हा ही दगडी कमान नव्हतीच. त्यांनी पाहिला तो पुठ्ठ्याचा देखावा. खरी कमान पुरी झाली १९२४ साली. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून निघून गेली. म्हणजे पाहुणा आला तेव्हा पुठ्ठा, आणि तो जायला निघाला तेव्हा दगड! सगळे हसले. दादाही हसला. लाँच सुरू झाल्यावर तो कठड्याला डोके टेकून जो झोपला, तो बेट येईपर्यंत जागा झाला नाही. तासाभराचा तो सुंदर समुद्र त्याने पाहिलाच नाही. मला वाटले, मुंबईच्या माणसाला समुद्राचे काय कौतुक!

घारापुरीच्या मुख्य लेण्यातले ते प्रचंड शिल्प, ज्याला लोक त्रिमूर्ती म्हणतात, ते वस्तुतः सदाशिवाचे आहे. सहाव्या शतकाच्या सुमाराचे. उंची अठरा फुटांच्या जवळपास. मधले मुख शांत, एका बाजूचे उग्र, दुसऱ्या बाजूचे स्त्रीसारखे कोमल. मी वहीत पाहून सांगितले की, सदाशिवाला मुखे पाच; चौथे मागे, दगडाच्या आत आहे असे मानायचे, आणि पाचवे वर; ती दोन्ही कोरलेली नाहीत. आई बराच वेळ त्या मूर्तीकडे पाहत उभी राहिली. मग तिने विचारले, “मांगचं तोंड कोनाले दिसते मंग?” मी म्हणालो, “कोणालाच नाही.” ती काही बोलली नाही.

परतीच्या वाटेवर दादाच्या मुलाला मी विचारले, “सांग पाहू, मुंबईची सात बेटं कोणती?” दोन दिवस मी वाचून दाखवीत होतो तेवढ्यावर त्याने ती न चुकता सांगितली. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. “शाबास! हुशार आहेस.” पोराचा चेहरा उजळला. वहिनी समुद्राकडे पाहत होती.

आम्ही निघालो, गाडीत बसलो, कल्याण मागे पडले, आणि आई म्हणाली, “फळीवरचे गुंड पायले का तू?”

“कोणते गुंड?”

“माही देल्ले ते.”

मी फळी पाहिली होती. तीवर वर्तमानपत्राचा कागद अंथरलेला होता, त्यावर ॲल्युमिनियमचे दोन डबे होते. आईने कागदावरचे डाग पाहिले होते. गोल, मोठे, वर्षानुवर्षे एकाच जागी एकच जड भांडे ठेवल्याने पडतात तसे. कागद पूर्वीचाच होता, भांडी नव्हती. आणि तिने दादाच्या खांद्यावरचे वळ पाहिले होते. तो पहाटे तीनला ‘फिरायला’ म्हणून बाहेर पडे. फिरून आलेल्या माणसाच्या खांद्यावर वळ कसे उठतात? तो दादरला भाजीच्या पाट्या उतरवीत होता, आणि म्हणूनच लाँचमध्ये झोपला होता. दहा महिने गिरणीचा पगार नव्हता. तीन दिवस तीन उपास होते.

“आपन आपलीच भांडी मोडून मुंबई पायली, बापा,” आई म्हणाली.

मी संतापून म्हणालो, “मग बोलली का नाहीस? तेथेच विचारायचे होते!”

ती म्हणाली, “त्यानं चार दिवस इतकं झाकलं. एका शब्दानं उघडं पाडू?”

ओच्यातले तीनशे रुपये तिने तांदळाच्या पोत्याच्या तळाशी ठेवले होते. वर नाही, तळाशी; म्हणजे तांदूळ सरेल तेव्हाच ते सापडतील, गरजेच्या दिवशी सापडतील, आणि परत करायला तोवर फार उशीर झालेला असेल. दीड महिन्याने दादाचे पत्र आले. त्यात इतर मजकुरानंतर एक ओळ होती : “काकीला सांग, तांदूळ फार गोड. तळाशी मात्र खडे निघाले. वेचून ठेवले आहेत.” आईने ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. त्यानंतर त्या विषयावर दोघांमध्ये कधी एक अक्षर बोलले गेले नाही.

ही हकीकत मी आजवर अनेकांना सांगितली आहे, आणि ऐकणाऱ्यांचे नेहमी दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो : दादा खोटे वागला. खोटे ते खोटे. ते प्रेमाने बोलले म्हणून खरे होत नाही. ऐपत नव्हती तर पाहुण्यांना बोलवायचे कशाला? दुसरा पक्ष म्हणतो : याला खोटे म्हणणारा माणूस नव्हेच. काही मिळविण्यासाठी झाकणे वेगळे आणि काही देण्यासाठी झाकणे वेगळे. ज्या बाईने आईविना पोराला वाढविले तिला समुद्र दाखवायचा, एवढी एकच गोष्ट त्याच्या हातात उरली होती. ती त्याने केली. संपाच्या त्या दिवसांत त्याच्याकडून काम गेले, पगार गेला, चाळीतली पत गेली. पण यजमानपण जाऊ देणे त्याला मंजूर नव्हते. माणसाला अन्न लागते हे खरे, परंतु कोणाला तरी अन्न वाढण्याची जागा आपल्याला असावी, हीसुद्धा एक भूकच आहे.

बरीच वर्षे मी या दुसऱ्या पक्षात होतो, आणि या पक्षात राहण्याचे सुख असे की त्यात सगळेच थोर ठरतात. दादा थोर, आई थोर. आणि त्या दोघांच्या थोरपणाच्या सावलीत मीही थोडासा. मग १९८४ साली एका लग्नात वहिनी भेटली. बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेले की मुलाने शाळा सोडली ती १९८२ च्या जूनमध्येच. आम्ही गेलो तेव्हा तो एका चहाच्या दुकानात कपबशा विसळायला जात होता. आमच्यासाठी त्याने चार दिवसांची सुटी घेतली होती; तेवढी मजुरी कापली गेली.

तेव्हापासून माझा त्या दुसऱ्या पक्षातला मुक्काम हलला. मी शिक्षक होतो. चार दिवस ते पोर माझ्याबरोबर होते. मी त्याला सात बेटांची नावे विचारली, पोर्तुगालच्या राजकन्येची गोष्ट सांगितली; पण ‘कितवीत आहेस?’ हा, कोणताही काका कोणत्याही पुतण्याला पहिल्याप्रथम विचारतो तो प्रश्न मी विचारला नाही. विचारला असता तर? कदाचित त्याने खोटे उत्तर दिले असते. कदाचित खाली पाहिले असते. आणि कदाचित, मी त्याला शहापूरला आणून वर्षभर माझ्या शाळेत बसविले असते. संप संपल्याचे कोणी कधी रीतसर जाहीर केले नाही. लाखाहून अधिक माणसांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही, त्यांत दादा होता. त्याचे काम मला वाचविता आले नसते. मुलाचे एक वर्ष मला वाचविता आले असते.

आता विचार करा. आई गप्प राहिली आणि मीही गप्प राहिलो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही गप्पपणे सारखेच दिसतील. दोघांनीही यजमानाची लाज राखली असे तो म्हणेल. पण आई गप्प राहिली ती पाहून, आणि मी गप्प राहिलो तो न पाहिल्यामुळे. तिच्या गप्प राहण्याने तिच्यावर एक ओझे आले, आणि ते तिने पातळाचे पैसे देऊन उचलले. माझ्या गप्प राहण्याने माझी सहल चांगली झाली. मर्यादा हा मोठा गुण आहे. परंतु आळशी डोळ्यालाही मर्यादेचा अंगरखा घालता येतो, आणि तो इतका छान बसतो की घालणाऱ्याला स्वतःलाच फरक कळेनासा होतो. ‘दुसऱ्याच्या घरातले आपण कशाला पाहा?’ हे वाक्य आई म्हणाली असती तर तो संयम ठरला असता. माझ्या तोंडी ती सोय होती.

आणखी एक गोष्ट मला उशिरा उमगली. आईने भांडी पाहिली, कारण भांडी ही तिची विद्या होती. पितळ कोठे ठेवतात, त्याचा डाग कसा पडतो, उपाशी माणूस चहाचा कप कसा दोन्ही हातांनी धरतो, हे तिला शिकावे लागले नव्हते. शाळा तिची विद्या नव्हती. म्हणून मुलाची शाळा तिला दिसली नाही, आणि त्याबद्दल तिला कोणी दोष देणार नाही. शाळा ही माझी विद्या होती. जे पाहण्याचे डोळे माझ्यापाशी होते, त्याच डोळ्यांनी मी वही वाचीत होतो. पाहुण्याने यजमानाचे सगळे घर धुंडाळावे असे मी म्हणत नाही. तसा पाहुणा घरात नको. पण प्रत्येकाला एखादी गोष्ट इतरांहून अधिक कळते. वैद्याला खोकला कळतो, शेतकऱ्याला बैलाची चाल कळते, गृहिणीला पिठाचा डबा कळतो. आपल्याला जे कळते निदान तेवढे तरी पाहावे. त्याकडे पाठ फिरविण्याचा अधिकार पाहुणेपणाने मिळत नाही.

हेच गावांना आणि शहरांनाही लागू आहे असे मला वाटते. घारापुरीला दररोज लाँच भरभरून माणसे गेली. शिल्प पाहून, फोटो काढून, ऊन कलायच्या आत परतली. १९८७ साली लेण्यांची गणना जागतिक वारशात झाली. पण त्याच बेटावरच्या शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या वस्त्यांना समुद्राखालून साडेसात किलोमीटरची तार टाकून कायमची वीज मिळाली, ती २०१८ च्या फेब्रुवारीत. इतकी वर्षे समोर मुंबई झगमगत होती आणि तिच्या पुढ्यातले हे बेट रात्री जनित्राच्या दोन-तीन तासांच्या उजेडावर चालत होते. पाहुणे दिवसा येत. रात्र कोणी पाहिली नाही. आणि मी ज्याच्या पाण्याची माहिती चाळीतल्या बाईंना मोठ्या तोऱ्यात सांगितली, त्या दुसऱ्या शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात बायका टँकरची वाट पाहत उभ्या असतात. तलावाचे साल मला पाठ होते. तलावाकाठची घागर मी पाहिली नव्हती. चौथे मुख दगडाच्या आत आहे असे आपण सहज म्हणतो. मला आता शंका येते की ते दगडात नसावे. पाहणारा फक्त समोरच उभा राहतो, म्हणून ते दिसत नाही.

या गोष्टीचा शेवट माझ्याच अंगणात झाला. २०१७ च्या दिवाळीत दादाची नात आमच्याकडे आली. दादा आणि आई तोवर राहिले नव्हते. मुलगा, तोच सात बेटांचा, पुढे टॅक्सी चालवू लागला होता, आणि त्याची ही मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेत होती. आजोबांचे गाव पाहायचे म्हणून आली. मी हरखून गेलो. गाडी ठरविली, पवनीचा किल्ला दाखविला, १९६९-७० च्या उत्खननात जेथे बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले ती जगन्नाथ टेकडी दाखविली, गोसेखुर्दचे धरण दाखविले. धरणाचे पाणी पाहून ती म्हणाली, “किती सुंदर!” त्या पाण्याखाली गावे गेली आहेत हे मी सांगणार होतो, सणाचा दिवस म्हणून सांगितले नाही. खिशात ती हात घालू लागली तेव्हा मी तिचे मनगट धरले, आणि त्या क्षणी माझ्या तोंडून जे वाक्य निघाले ते माझे नव्हते, दादाचे होते.

एक गोष्ट मात्र मी दाखविली नाही : आमचे शेत. त्या खरिपात आमच्या भागात तुडतुड्याने धान जाळले होते. माझ्या तीन एकरांतले दोन गेले होते. गाडीवाल्याला मी मुद्दामच मोठ्या सडकेने न्यायला सांगितले. शेताची वाट टाळली. पोरीने विचारले, “आजोबा, आपलं शेत?” मी म्हणालो, “अंधार पडला ना आता.” पस्तीस वर्षांनी मला कळले की झाकणाऱ्याला आपण खोटे बोलतो आहोत असे मुळीच वाटत नाही. आपण तिच्या दिवाळीला ओरखडा पडू देत नाही, एवढेच वाटते. दादाला मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ओळखले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेजारच्या मुलीला घेऊन परस्पर शेतावर जाऊन आली. आल्यावर तिने चारचौघांत काही विचारले नाही. सगळे आत गेल्यावर ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “किती गेलं?”

मी सांगितले. मग ती विचारीत गेली आणि मी सांगत गेलो. तुडतुडा बुंध्याशी, पाण्याजवळ बसून रस शोषतो. वरची पाती कित्येक दिवस हिरवीच राहतात. बांधावरून पाहणाऱ्याला पीक छान दिसते. आत उतरून बुंधा उघडून पाहिला तरच कळते, आणि शेतात गोल गोल करपे पडू लागतात तेव्हा वेळ गेलेली असते. तिने सांत्वन केले नाही, पैशांची गोष्ट काढली नाही. कर्ज किती आणि झोप लागते का, हे दोन प्रश्न तिने विचारले. दुसरा प्रश्न तिच्या विद्येचा होता. मला झोप लागत नव्हती हे तोवर मी घरातही कोणाला सांगितले नव्हते. सांगितल्यावर धान परत आले नाही. पण त्या रात्री मला झोप लागली.

आईने जे केले ते तिच्या काळात आणि तिच्या स्वभावात बसणारे होते, आणि त्याहून सुंदर वागणे मी पाहिलेले नाही. तरी त्या सकाळी मला वाटले, पाहून गप्प राहणे ही शेवटची पायरी नव्हे. पाहावे, चारचौघांत उघडे पाडू नये, आणि मग एकांतात शेजारी बसून एक प्रश्न विचारावा. उत्तर न देण्याची मुभा समोरच्याला ठेवून, पण विचारावा. आईने तांदळात पैसे ठेवले ते उपकाराशिवाय द्यावे म्हणून. या पोरीने प्रश्न ठेवला. दोन्हीत लाज राखली गेली. पण प्रश्नाने मला एकटे ठेवले नाही, आणि दादा मात्र त्या वर्षी अखेरपर्यंत एकटाच राहिला.

जाताना ती पाया पडली आणि म्हणाली, “बाबांनी तुम्हाला खास नमस्कार सांगितलाय. मुंबईची सात बेटं त्यांना अजून पाठ आहेत. तुम्ही विचारली होतीत ना? आणि शाबासकी दिली होतीत. आम्हाला लहानपणापासून सांगतात.”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. काय बोलावे ते सुचले नाही. पोरगे ती एक शाबासकी पस्तीस वर्षे जपून होते, आणि मला मात्र तिच्या शेजारी न विचारलेला प्रश्नच दिसत होता.

या दिवाळीतही घरोघरी पाहुणे येतील, काही जण पाहुणे म्हणून जातील. घरे सावरून बसतील, त्यांनी बसावे. धड चादर वर यावी, फराळाचे ताट भरलेले असावे. यजमानाने किती झाकावे, याचा नियम मला अजून सापडलेला नाही, आणि तो शोधण्याचा नादही मी सोडला आहे. पाहुण्यापुरते मात्र मी ठरविले आहे. आता कोणाच्या घरी गेलो की वही नेत नाही. बसतो, चहा घेतो, आणि घरात मूल असेल तर त्याला जवळ बोलावून आधी विचारतो, “कितवीत आहेस रे?” आणि उत्तर येईपर्यंत थांबतो.